वीट

रूपेल नदीच्या काठी बोम नावाचं गाव.
भरती आली की नदी उलटी वाहते.
माती निळसर, चिकट; भाजली की लाल.
गोमार तिथल्या भट्टीचा शेवटचा जाळकरी.
भट्टी विझून चाळीस वर्षं झाली,
तरी कुठल्याही पडक्या घराचा तुकडा
त्याच्या हातावर ठेवा:
आधी नखाने वाजवतो,
मग कडेवरून अंगठा फिरवतो,
आणि म्हणतो, नदीकडची भट्टी. युद्धाआधीची. ओल्या वर्षाची.
अर्ध्या विटेवरून अख्खी भिंत सांगतो,
कधीकधी गवंडी प्यालेला होता का तेही.

त्याची मुलगी फेर्ले
एकोणिसाव्या वर्षी पोट धरून
स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी झाली.
आधी म्हणाले अपेंडिक्स,
मग म्हणाले परीक्षेचं टेन्शन,
मग काही दिवस कोणी काहीच म्हणेना.
दोन वर्षांनी लुव्हेनच्या इस्पितळात
वीतभर आतडं कापून काढलं
आणि नळीभर रक्त वाचायला पाठवलं.

वाचून आलं ते असं.
सोळाव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे.
त्यातून घडणारं प्रथिन पेशीच्या आत बसून असतं,
जुन्या गवंड्यासारखं, हात मोकळे ठेवून.
जिवाणूच्या भिंतीचा चुरा आत आला
की चाचपतं, आणि हाळी देतं:
ही वीट आपल्यातली नव्हे.

फेर्लेच्या त्या जनुकात
एक अक्षर जास्तीचं पडलंय.
एकच.
आपल्याकडे एका अक्षरापायी
'धरावे'चं 'मारावे' झालं,
ती गोष्ट डॉक्टर स्वेनेनना कुठून ठाऊक असणार?
त्या आपल्या शब्दांत सांगत राहिल्या:
पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकली,
वाक्य भलत्याच जागी संपलं,
हजारावर मण्यांच्या माळेत
शेवटचे तेहतीस ओवलेच गेले नाहीत.
ओळखणारी बोटं
नेमकी त्या टोकाला होती.

चुरा येत राहतो. हाळी जात नाही.
बाकीच्यांना कळतं ते उशिरा,
आणि उशिरा जागं झालेलं गाव
चोर सोडून दिसेल त्याला झोडपतं.
आतड्याची आग ती हीच,
असं फेर्लेने वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा मारल्या.

'कोणाकडून आलं?' गोमारने विचारलं.
डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला.
'दोघांकडून. एकेक प्रत.
तुम्हाला जन्मात कळलं नसतं,
एक चुकली तर दुसरी सांभाळून घेते.'
फिलोमेनने पर्स उघडली, मिटली.
गोमार आपल्या तळव्यांकडे पाहत बसला.
उजव्या अंगठ्याला भाजल्याचा जुना डाग,
त्यावर ठसे उमटत नाहीत,
म्हणून ओळखपत्राच्या वेळी
नगरपालिकेतली बाई वैतागली होती.
ते त्याला आत्ता का आठवलं, कोण जाणे.

घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.
फक्त पुलावर फिलोमेन म्हणाली,
'तुझ्या आत्यालाही पोटाचं होतं,'
आणि पुन्हा गप्प झाली.

आता दर आठ आठवड्यांनी
फेर्लेच्या शिरेत औषधाची पिशवी रिकामी होते.
पेजेचा तिला वीट आलाय,
उकडलेल्या गाजरांचा त्याहून जास्त.
मातीच्या जुन्या खाणींत तळी साठलीत,
रविवारी बापलेक तिथे फिरायला जातात,
ती हळू, तो तिच्याहून हळू.

काल त्याने गवतातून एक तुकडा उचलला,
कोटाला पुसून तिच्या हातावर ठेवला.
'ओळख.'
तिने नखाने वाजवला,
कडेवरून अंगठा फिरवला,
बराच वेळ फिरवला.
'लाल,' ती म्हणाली.
गोमारने मान हलवली.
'चालेल. इथून सुरुवात करू.'